ट्रंकेतली गौर

देवावर रुसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणी उपास सोडतं, कुणी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसतं. पण घरच्या गौरीला ट्रंकेत घालून, वर कुलूप ठोकून, किल्ली आयर्विन पुलावरून कृष्णेत भिरकावणारी शहाणी मी एकच पाहिली, आणि ती रोज सकाळी मला आरशात दिसते. नाती विचारतात, "आजी, तू लहानपणी अशी बावळट होतीस?" मी म्हणते, लहानपणी चांगली होते गं, पंचेचाळिशीत बावळट झाले. त्या बावळट बाईला काय दिसलं आणि काय मिळालं, ते लिहून ठेवते. त्याचा अर्थ लावायला मला सांगू नका. मी लावून थकले आणि मग सोडून दिला.

आमचे मालक सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात शिजतो, त्यापाशी उभं राहून साखरेचा दाणा कधी धरतोय ते ओळखायचं, हे त्यांचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि डोळे बारीक करून बघायचं. आत्ता नुसता पाक असतो, आणि बघता बघता त्यात दाणे चमकायला लागतात. मी एकदा विचारलं, "दाणा येतो कुठनं?" तर म्हणाले, "त्ये कळलं असतं तर पॅनमन कशाला ऱ्हायलो असतो!" नव्वदच्या दशकात नायजेरियातल्या एका साखर कारखान्याला अशी जाणती माणसं हवी होती. हे करारावर गेले. मी मलकापूरला माहेरी जाऊन सगळ्यांना ठासून सांगितलं, की नायजेरिया दुबईच्या जरा पुढं आहे. आमच्या भावकीत अजून काहीजण तसंच समजतात.

तिथल्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, तो डोक्यात गेला आणि सगळं संपलं. तिकडच्या आपल्या माणसांनीच अग्नी दिला, राख तिथल्याच नदीत सोडली. माझ्यापर्यंत आली ती कारखान्याच्या ऑफिसात आलेली बातमी, आणि पुढं काही दिवसांनी एका सोबत्यानं आणून दिलेली लोखंडी ट्रंक. आत त्यांचे कपडे. रडायलाही समोर काहीतरी लागतं. तोंड बघितलं नाही, पाय धरले नाहीत, आणि ट्रंकेला मिठी मारून रडायची लाज वाटली. मग मी रडलेच नाही. मुलगा फौजेत होता. तो आला, सगळं रीतसर केलं, मला आणि आजीला जिवाला जपायला सांगून परत ड्यूटीवर गेला. घरात उरलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

भाद्रपद लागला आणि सवयीनं मी माळ्यावरून गौरीचा मुखवटा काढला. त्या वर्षी सण करायचा नव्हता, पण हाताला कुठं कळतंय? पितळेचा मुखवटा, पिढीजात. चिंचेनं घासून घासून नाक जरा बसकं झालेलं, पण ओठांवरचं हसू तसंच. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी हिला मी माझ्या हातानं घरात आणलं, शेपूची भाजी आणि भाकरी भरवली, आणि ही आता मला हसते? "बस तूबी अंधारात," असं म्हणून मी तिला ट्रंकेत त्यांच्या कपड्यांवर ठेवलं आणि कुलूप घातलं. आत्याबाई भिंतीला टेकून बघत होत्या. मला वाटलं, ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "कोंड. तिलाबी कळू दे." तशीच उठले, पुलावर गेले आणि किल्ली फेकली. वर ऐट अशी, की जणू त्रैलोक्य बुडवून आले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार लिहिता येत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. देव्हाऱ्यात दिवा नव्हता. मी भाकऱ्या थापायचे आणि त्या वाळून जायच्या. आम्ही दोघी एका खोलीत राहून दिवसचे दिवस बोलत नव्हतो. बोलायचं म्हणजे मालकांविषयीच बोलावं लागलं असतं, आणि ते दोघींनाही झेपत नव्हतं. दुपारी मी घाटावर जाऊन पाण्याकडं बघत बसायचे. काय मनात यायचं, ते त्या पाण्याला माहीत. उठून घरी यायचे ते म्हातारी एकटी आहे म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. लोक म्हणायचे, काळ हे औषध आहे. मला तर वाटायचं, काळ नुसता साचत चाललाय, डबक्यासारखा. देव नाही, असंही मला वाटत नव्हतं. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं. मला वाटायचं, देव आहे, आणि त्याला आमचं काही देणंघेणं नाही.

वर्ष सरलं आणि पुढच्या पावसाळ्यात आत्याबाईंनी खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, विशेष आजार नाही, वय झालंय. पण मला दिसत होतं, त्या निघायच्या तयारीत होत्या. श्रावण संपता संपता एके दिवशी त्या म्हणाल्या, "औंदा गौर आण. तिला बगून जाते."

मी म्हटलं, "आवं आत्याबाई, किल्ली न्हाई. आणि आणणार कोण? तुमी अशा, मीबी अशी. आपल्या हातनं चालतंय व्हय?"

"मला काय म्हाईत न्हाई. गौर घरात आली पायजे."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आमच्याकडं गौर सवाष्णीनं आणायची. ती मुखवटा घेऊन दारात उभी राहते, आतली बाई विचारते, कोण आली, कशाच्या पावली, आणि मग ती उंबरा ओलांडते. आमच्या घरात दोन विधवा. शेजारच्या इंदूताईंना विचारलं, त्या येते म्हणाल्या. पण खरं सांगते, माझ्या मनात तिला आणायचंच नव्हतं. जिनं माझं माणूस राखलं नाही तिला पाट का मांडू? आणि नाही आणावं, तर म्हातारी तशीच, भिंतीकडं तोंड करून जाणार. अशी दोन्हीकडून अडकले होते.

गौरीच्या आदल्या आठवड्यात दारात एक परका तरुण उभा राहिला. उंच, आफ्रिकेतला, पांढरा स्वच्छ शर्ट. आमच्या बोळात असं कुणी कधी आलं नव्हतं. मी हातातलं लाटणं पुढं धरून उभी राहिले, का ते मला विचारू नका. त्यानं आत बसलेल्या आत्याबाईंना बघितलं आणि तो एकदम जमिनीवर पालथा पडला. सगळं अंग सपाट, कपाळ फरशीला. मला वाटलं, घेरी आली पोराला. मी धावत जाऊन कांदा फोडून आणला आणि त्याच्या नाकाला लावला. तो खोकत उठून बसला. पुढं कळलं, तो नमस्कार होता. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना तसाच करतात. इकडं आपण साष्टांग नमस्काराचे गोडवे गातो आणि कुणी खरंच घातला तर त्याच्या नाकाला कांदा लावतो.

डोळे पुसत तो आत्याबाईंना म्हणाला, "काय म्हातारे, खाल्लंस का काय?"

आत्याबाईंच्या हातातली जपमाळ गळून पडली. कारखान्यातनं पाळी संपवून आले की उंबऱ्यातनंच मालक हेच विचारायचे. हेच शब्द, 'का काय' वर तोच हेल. त्या पोराची समजूत, मराठीत कुणाच्याही आईला असंच आदरानं विचारतात. त्याचं नाव कुन्ले. तिकडच्या कारखान्यात तो आमच्या मालकांच्या हाताखाली पॅनवर होता. तो त्यांना ओगा म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत साहेब. मालकांना इंग्रजी जेमतेम, त्यामुळं त्यांनी कुन्लेलाच मराठी शिकवलं होतं, शिव्यांसकट. मालकांनीच सांगलीचं एवढं कौतुक केलं होतं, की तो शिकायला इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आला होता. मग माझ्याकडं वळून, अगदी सहज म्हणाला, "च्या टाक की जरा, घसा चिकाटलाय."

मी आत गेले. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, साखर घातली, आणि वर मालकांना लागायची तशी आणखी चमचाभर घातली. मग माझ्या लक्षात आलं, मी काय करत होते. स्टोव्हचा आवाज मोठा होता म्हणून बरं. वर्षभराचं रडं मी त्या आवाजात रडून घेतलं.

चहा घेताना तो गावाकडचं सांगू लागला. तो योरुबा लोकांतला. त्यांच्यात, तो म्हणाला, मेलेलं माणूस जाऊन परत येत नाही असं नसतं. घराण्याच्या सणाला पूर्वज येतात, कापड घालून. त्याला एगुंगुन म्हणतात. डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांवर पट्ट्या, चेहरा दिसत नाही, हाताचं बोटही दिसत नाही. घोगऱ्या, वेगळ्याच आवाजात बोलतात, घरच्यांना आशीर्वाद देतात, नाचतात. गिरकी घेतली की पट्ट्या उडतात, आणि त्यांचा वारा अंगावर आला तर चांगलं असतं. घरातले लोक दरवर्षी नवं कापड जोडतात, त्यामुळं ते अंग वाढतच जातं.

मी मोठी चिकित्सक. विचारलं, "आरं पण आत माणूसच असतोय न्हवं?"

तो हसला. "ओगांनीबी ह्येच इचारलं."

"मग?"

"मग माझी आई म्हनली, आत कोन हाय त्ये इचारायचं न्हाई. आलंय कोन त्ये इचारायचं."

आत्याबाई पुढं सरकून बसल्या होत्या. कुन्लेनं कप खाली ठेवला आणि हळू आवाजात पुढचं सांगितलं. मालक गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, या माणसाचं इथं कुणी नाही, मग याला आणणार कोण, नाचवणार कोण? घरातल्या म्हाताऱ्यांनी वाद घातला, परक्याचं कापड आपल्यात कसं चालेल म्हणून. तिनं ऐकलं नाही. ट्रंक भरताना तिनं मालकांच्या सणाच्या धोतराची एक पट्टी कापून घेतली आणि आपल्या घरच्या एगुंगुनला जोडली. "गेल्या सनाला ओगा आमच्या गल्लीत फिरून गेले," तो म्हणाला. "माझ्या आईच्या दारात लय येळ थांबले."

आत्याबाईंनी विचारलं, "जेवला का रं?"

"व्हय. समद्यांनी खाऊ घातलं."

त्यांनी मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. आणि मी? मी उठले आणि कप विसळायला गेले. मला राग आला होता. माझ्या माणसाचं धोतर परक्या गावात नाचतंय म्हणे! विधवेला लोक काहीबाही गोड सांगतात, तसंच हे, असं मी ठरवून टाकलं. जाताना त्यानं विचारलं, गौरीला येऊ का, ओगा फार सांगायचे भाजी-भाकरीचं. आत्याबाई म्हणाल्या, ये. मी कप पुसत राहिले.

गौरीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी इंदूताई ताम्हन घेऊन आल्या. कुन्लेही तेरड्याची जुडी घेऊन दारात उभा होता. कुणी सांगितलं म्हणून आणली होती, आणि तिचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंना भिंतीला टेकवून बसवलं होतं. उंबऱ्यापासून पाटापर्यंत रांगोळीची पावलं मीच काढली होती, तीही वाकडी. कुलपावर मी वरवंटा घातला. माझा सगळा राग त्या वरवंट्यात होता. कुलूप तुटलं. इंदूताई वाकून बघायला आल्या आणि मागं सरल्या. मुखवटा मेलेल्या माणसाच्या कपड्यांवर ठेवलेला. "वहिनी, आवं माझी लेक पोटुशी हाय," त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमायचं. रागावू नका." त्या रडत होत्या. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्या गेल्या आणि मी ट्रंकेपाशी तशीच बसून राहिले. आता संपलं, असं वाटलं. गौर येणार नाही, म्हातारी जाईल, आणि मग माझ्यापाशी घाटावरनं उठून घरी यायला काही कारण उरणार नाही. बाहेर सगळीकडं गौरी येत होत्या. घराघरातनं थाळ्या वाजत होत्या. आतनं आत्याबाईंचा क्षीण आवाज आला, "येतीया का न्हाई गं?"

निदान गौरीला बाहेर तरी काढावं म्हणून मी मुखवटा उचलला, तर त्याच्या कानात अडकून खालचं धोतर वर आलं. काठाचं, सणाचं धोतर. ते उलगडत गेलं आणि माझा हात थांबला. एका टोकाची वीतभर रुंद पट्टी नव्हती. फाटलेली नव्हती, सरळ कात्रीनं कापलेली होती. आणि उरलेल्या कापडाची धार उसवू नये म्हणून दुमडून, त्यावर बारीक, अगदी सारखे टाके घातले होते. पुरुषाच्या हातचे ते टाके नव्हते. जगाच्या त्या टोकाला कुणी एक बाई, माझ्या नवऱ्याच्या धोतरातनं त्याच्यासाठी पट्टी कापून घेते, आणि उरलेलं धोतर माझ्याकडं येणार म्हणून त्याची कड शिवून पाठवते. त्या टाक्यांवरनं मी बोट फिरवत राहिले. त्यांचं तोंड मला दिसलं नव्हतं. पण कुणाच्या तरी हातांनी त्यांना सांभाळलं होतं, हे त्या बोटाला कळलं.

मग मी जे केलं ते ठरवून केलेलं नाही. मुखवटा त्या धोतरात धरला, कुन्लेच्या हातनं तेरडा घेतला, डोक्यावरनं पदर पुढं ओढला आणि अंगणात तुळशीपाशी जाऊन परत दाराकडं वळले. उंबऱ्याशी आले तशी पाय थांबले. कपाळ मोकळं, हात मोकळे, अशी बाई गौर आणते का? तेवढ्यात आतनं आत्याबाईंनी विचारलं. आवाज खणखणीत, वीस वर्षांपूर्वीचा.

"कोण आली?"

माझ्या मनात आलं, मी. मी आले, रांडमुंड, देवीला कोंडणारी. पण त्यांनी आत कोण आहे ते विचारलंच नव्हतं. आलंय कोण, ते विचारलं होतं.

"गौर आली." माझ्या घशातनं आवाज निघाला तो घोगरा, मला अनोळखी.

"कशाच्या पावली?"

"सोन्याच्या पावली." पायांना अंगणातला चिखल होता.

रीत इथं संपते. पण आत्याबाई थांबल्या. मग आईच्या आवाजात, रीतीत नसलेलं एक विचारलं.

"एकलीच आलीस?"

"न्हाई," उंबऱ्यातनं उत्तर गेलं. "संगट आलोय."

हे कोण बोललं, ते मी आजवर ठरवलेलं नाही. मी उंबरा ओलांडला. धोतराचं मोकळं टोक आत्याबाईंच्या तोंडावरनं गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, वारा अंगावर घ्यावा तसे. मी गौर पाटावर बसवली. नाक बसकं, ओठांवर तेच हसू. मला इतके दिवस वाटत होतं, ती मला हसते.

त्या दिवशी आत्याबाईंनी शेपूची भाजी आणि अर्धी भाकरी खाल्ली. कुन्लेनं मात्र किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, पाहुण्याच्या भाकऱ्या मोजू नयेत. आत्याबाई दिवाळीपर्यंत होत्या. गेल्या तेव्हा तोंड माझ्याकडं होतं. दुःख काही गेलं नाही. त्यानंतरही मी घाटावर जाऊन बसायचे, आणि कित्येक दिवस डबकं ते डबकंच राहिलं. पण उठून घरी येताना कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं, आणि घरात दिवा लागायचा. कुन्ले शिकून परत जायला निघाला तेव्हा मी गौरीच्या साडीची एक पट्टी कापून त्याच्या आईसाठी दिली. दिलेल्या पट्टीची आणि राहिलेल्या साडीची, दोन्ही कडा शिवल्या. माझे टाके तिच्यासारखे सारखे आले नाहीत. समजून घेतलं असेल तिनं.

आता मी आत काय असतं ते विचारत नाही. पितळेत काय आहे, कापडात कोण आहे, पाकात दाणा कुठून येतो, हे कळायला हवं म्हणून मी पुष्कळ दारं बंद केली. आपण फक्त हात द्यावेत, उंबऱ्यात उभं राहावं, आणि विचारलं की खरं ते बोलावं. येणारं आपल्या परवानगीनं येत नाही, आपल्या पात्रतेनं तर नाहीच नाही. आलं की वाट द्यावी, एवढंच आपलं काम. आईसाहेब, मी तुला कोंडलं आणि तू वर्षभर माझ्या माणसाच्या कपड्यांवर राखण करत बसलीस. एवढं ऋण फेडायला मला पुढचे जन्म पुरायचे नाहीत.

ती ट्रंक अजून माझ्या खाटेखाली आहे. बिनकुलपाचीच. नवं कुलूप आणू का, म्हणून सून दरवर्षी विचारते. मी नको म्हणते. किल्ली कृष्णेत आहे, तिथंच बरी.